स्वखुशीने न येणाऱ्यास पंचवीस फटके

“जो स्वखुशीने येणार नाही, त्याला पंचवीस फटके होऽऽ!”

कण्हेरगावच्या चावडीपुढे दवंडी पिटली गेली आणि गावाने कपाळाला हात लावला. राजा दुर्जयसिंहाने ठरवले होते की प्रजेने खेळले पाहिजे. पोरीबाळींनी, म्हाताऱ्यांनी, आळश्यांनी, सगळ्यांनी! शिवाय खेळाच्या कामाला स्वयंसेवक हवेत, तेही मनापासून आणि फुकट. स्वतः महाराज झोपाळ्यावरून उतरायचे ते फक्त जेवायला. पण प्रजेच्या तब्येतीची काळजी त्यांना भारी!

ही काळजी वाहायला क्रीडाप्रधान भास्करपंत नेमले होते. पंतांनी गावात पाऊल टाकताच काय केले? गावच्या एकुलत्या एका पटांगणावर मंडप ठोकला. अर्धे पटांगण मानकऱ्यांच्या खुर्च्यांनी खाल्ले. महाराजांचे जोडे मळू नयेत म्हणून सगळीकडे खडी पसरली. उरलेल्या अर्ध्याला दोरी बांधून वर पाटी लावली, ‘महाराज खेळ पाहण्यास येईपर्यंत येथे खेळण्यास सक्त मनाई.’ काय ती अक्कल!

हे सगळे येसू पखालीण बघत होती. रोज दुपारी रेड्यावर पखाल लादून ती पटांगणावर पाणी शिंपायची आणि ऊन उतरले की गावच्या पोरींना जमवून तिथेच हुतूतू मांडायची. तिला कोणी नेमले नव्हते. गावची रीतच तशी होती. पटांगणात येणाऱ्याने आधी पाच खडे वेचून बाहेर फेकायचे आणि मगच खेळायचे. पाटील असो नाहीतर न्हावी, पाच म्हणजे पाच. म्हणून तर तिथे पडून कोणाचे गुडघे फुटत नसत.

“पंत, ही खडी उचला,” येसू म्हणाली. “पोरी पडत्याल की हो!”

“पडायला इथे खेळणार कोण?” पंत खेकसले. “महाराज येतील, मान डोलावतील आणि जातील. मग इथे माझ्या घोड्यांचा तबेला व्हायचाय, महाराजांच्या कानावर घालूनच आलोय!”

पोरे काय, नदीच्या वाळूतही खेळतील. पटांगण गेले तर पोरींना मात्र चुलीपुढची जागा तेवढी उरणार होती.

आठव्या दिवशी महाराज आले. शंभर माणसे हात बांधून रांगेत उभी होती.

“हे सगळे स्वखुशीने आलेत?” महाराजांनी विचारले.

“अगदी स्वखुशीने, सरकार! हुकूम सुटताच धावत आले!” पंत म्हणाले.

“फटक्याच्या भ्यानं आलो, म्हाराज,” रांगेतला एक म्हातारा पुटपुटला.

झाले! महाराज पेटले. “म्हणजे हे हुकमाचे ताबेदार! मला खरा स्वयंसेवक पाहिजे. हुकूम नाही, पगार नाही, भीती नाही, असा! दिवस मावळायच्या आत एक तरी दाखवा. नाहीतर हे पटांगण पंतांच्या घोड्यांना!”

पंत मिशीत हसले. येसू पुढे झाली.

“म्हाराज, तुमचा हुकूम राज्यात समद्यांवर चालतो?”

“सगळ्यांवर!”

“मंग जो फुडं यील, त्यो हुकमानंच आला म्हनायचा!”

“तसंच म्हणायचं!” महाराज हट्टाने म्हणाले.

“बरं. तरीबी दावते. पर आदी खेळ लावू द्या.”

“सरकार, मांडलेली खडी विस्कटेल!” पंत ओरडले.

“मी खेळ बघायला आलोय पंत, खडी मोजायला नाही!”

येसूने पोरींकडून दोरीच्या आतले खडे वेचून घेतले. एक टोकदार खडा तेवढा तिने राहू दिला. तो होता मधल्या रेघेपाशी, महाराजांच्या खुर्चीच्या अगदी समोर. त्या अंगाने चढाई फक्त ती स्वतः करणार, असे तिने पोरींना बजावले.

खेळ सुरू झाला. महाराजांनी जांभई दिली. दुसरी चढाई झाली तशी जांभई अर्ध्यावरच राहिली. मग ठकी नावाची काडीपैलवान पोर चौघींच्या हातून निसटली आणि महाराज खुर्चीच्या कडेवर आले. “धरा! अरे, पाय धरा तिचा!”

आता येसू चढाईला गेली. “हुतूतूतूतू...” तिने तिघींना शिवले. दोघींनी तिची कंबर धरली. दम संपत आला. तिने रेघेकडे अंग झोकले.

“अगं, खडा! खडा आहे तिथे!”

ओरडतच महाराज उठले. जोडे मागे राहिले, पागोटे घरंगळले. बारा वर्षांच्या राज्यात कोणापुढे न वाकलेला तो देह धावत जाऊन वाकला. त्यांनी खडा उचलला आणि लांब भिरकावला. त्याच जागी येसूचा हात पडला. रेघ शिवली!

येसू धूळ झटकत उठली.

“म्हाराज, खडा उचलायचा हुकूम कुनी दिला?”

“मला कोण हुकूम देणार?”

“मंग पगार ठरलावता?”

“मला कसला पगार!”

“फटक्याचं भ्या वाटलं?”

“पोरी, जीभ आवर!”

“आवरते. पर ज्याच्यावर हुकूम चालत न्हाई, असा राज्यात एकच मानूस हाय. त्योच खरा स्वयंसेवक, आन् दिवस मावळायच्या आत दावला! गावची रीत पाच खड्यांची हाय, म्हाराज. अजून चार ऱ्हायले.”

महाराज पोट धरून हसत सुटले. हसत हसत त्यांनी खरेच आणखी चार खडे वेचले. मग अंगावरचा जरीचा शेला येसूच्या खांद्यावर टाकून म्हणाले, “हे पटांगण कायमचे गावाचे! ताम्रपटावर लिहा, पोरींचा खेळ इथे कोणी बंद करायचा नाही. मंडप आत्ताच्या आत्ता उपटा! आणि पंत, ही उरलेली सगळी खडी तुम्ही वेचायची. हा माझा हुकूम—”

“हुकूम नगं, म्हाराज!” येसूने हात जोडले. “पंत स्वखुशीनं येचत्याल.”

“आणि नाही वेचली तर?”

“मंग पंचवीस फटके हायतच की!”

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि भास्करपंत अगदी मनापासून खाली वाकले.