तारेत अडकलेला स

"...पण दाताला तार लावली म्हणून माणूस मुका होतो, हे कुठल्या पोथीत लिहिलंय रे?"

सुश्रुत सहस्रबुद्धेने नुसती मान हलवली. त्याने मांडीवरची पाटी उचलली, तिच्यावर लिहिलं, 'मौनव्रत. नऊ दिवस.' पाटी गोदाक्कांसमोर धरली आणि दुसऱ्या हाताने तोंडावरचा रुमाल सावरला. मघाशी पाणी पिताना त्या रुमालाआडून काहीतरी चकाकलं होतं, ते म्हातारीने बरोबर टिपलं होतं.

गोदाक्कांनी चष्मा खालीवर करून पाटी वाचली.

"अक्षर चांगलं आहे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डाळिंब्या सोलायला लागल्या.

सुश्रुत तालुक्याच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचा. वय सत्तावीस. गेली सहा वर्षं दर शनिवारी तो केळशीवाडीच्या मठात यायचा आणि गोदाक्कांकडे कीर्तन शिकायचा. अक्कांचं वय चौऱ्याऐंशी. माघी चतुर्थीचं कीर्तन पन्नास वर्षं त्यांनीच केलं होतं. यंदा गुडघ्यांनी हात टेकले, आणि त्यांनी सुश्रुतला सांगितलं, "तू उभा राहा."

सुश्रुतला आश्चर्य वाटलं नव्हतं. त्याची वाणी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. अवघड संस्कृत समास तो फुटाण्यासारखे उडवायचा. अक्का म्हणायच्या, "सावकाश रे. शब्द काय कुणी चोरून नेतंय?" तो हसायचा आणि आणखी जोरात सुटायचा.

घोटाळा झाला तो गोकुळाष्टमीला. कुणीतरी त्याचं कीर्तन मोबाइलवर टिपलं आणि नेटवर टाकलं. आवाज उत्तम होता. पण वाक्यागणिक समोरचे दोन दात त्याच्या आधी लोकांपुढे येत होते. खाली एकाने लिहिलं होतं, 'दातांचा आवाज छान आहे.'

पाच महिने हे वाक्य त्याच्या डोक्यात कुरतडत राहिलं. शेवटी चतुर्थीला नऊ दिवस उरले असताना तो तालुक्याच्या मुकादम डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"चतुर्थीपर्यंत होतील ना सरळ?"

"सर, महिन्याला एक मिलिमीटर सरकले तरी पुष्कळ. दीड-दोन वर्षं धरा. हवं तर कार्यक्रम झाल्यावर या."

पण सुश्रुतला थांबणं ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी दातादातावर एकेक चौकोन चिकटला आणि त्यांतून तार ओवली गेली. बाईंनी बजावलं, पहिले काही दिवस मऊच खा, कडक काही असेल तर बारीक चिरून घ्या, प्रत्येक जेवणानंतर घासा. तो मान डोलावत होता. मन चतुर्थीच्या मंडपात होतं.

बाहेर येऊन त्याने रिक्षा केली.

"थ्टँड," तो म्हणाला.

"कुठं?"

"थ्टँडवर!"

रिक्षावाल्याने त्याच्या सुजलेल्या ओठांकडे पाहिलं, गंभीरपणे मान हलवली आणि त्याला पोलीस ठाण्यासमोर नेऊन सोडलं. वर म्हणाला, "काळजी करू नका साहेब, तक्रार लिहून घेतात."

तिथून स्टँडपर्यंत चालता चालता सुश्रुतने मौनव्रत घेतलं.

शाळेतून नऊ दिवसांची रजा टाकून तो मठात राहायला आला. तिथे कुणी त्याच्या व्रतात व्यत्यय आणला नाही. दोन दिवस तो पेज नि मऊ पोह्यांवर जगला, पाटीवर लिहीत राहिला आणि माळ घेऊन कोपऱ्यात बसला. हिरड्या ठणकत होत्या. तारेचं टोक गालाला आतून टोचत होतं. चेहऱ्यावर आपोआप वैराग्य आलं होतं.

तिसऱ्या दिवशी आरती झाली. प्रसाद म्हणून तळहाताएवढं खोबऱ्याचं भकल हातात आलं. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. सुरी मागायला हवी होती, पण पाटी खोलीत राहिलेली. सगळे त्याच्याकडे बघत होते...

त्याने चावा घेतला.

कट्!

"आई ग्गं!"

तळहातावर खोबऱ्याचा तुकडा होता आणि शेजारी तांदळाएवढा एक चकाकता चौकोन.

"मौन सुटलं," गोदाक्का म्हणाल्या. "बरं झालं. आता बोल."

"अक्का, चौकोन निथटला!"

"कळलं. आ कर."

"नको."

"आ कर म्हटलं ना."

त्यांनी टॉर्च मागवला. सुश्रुतने डोळे मिटले आणि आ केलं. अक्का बराच वेळ आत बघत राहिल्या.

"ही कोथिंबीर कधीची?"

"...परवाची."

"आणि हे पोहे?"

"कालचे."

"बाईंनी घासायला सांगितलं नव्हतं?"

"थांगितलं होतं. पण मी जपात होतो."

"जप तोंडानेच करतोस ना?"

अक्का काठी टेकत उठल्या, त्याला विहिरीवर घेऊन गेल्या आणि स्वतः पायरीवर बसल्या. त्याने अर्ध्या मिनिटात ब्रश फिरवला, चूळ भरली.

"झालं."

"परत."

त्याने परत घासले.

"झालं."

"तारेच्या वर. तारेच्या खाली. मग मधल्या फटी. घाई कसली? दात कुठे पळतायत? महिन्याला एक मिलिमीटर, तूच पाटीवर लिहिलंस."

तिसऱ्या खेपेला कोथिंबीर निघाली. सुश्रुतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"रडतोस?"

"नाही. तार टोचते. गाल थोलपटलाय."

"त्यावर काही उपाय दिला असेल बाईंनी."

त्याने खिशातून एक इवलीशी डबी काढली. "मेण. टोचेल तिथे लावायचं."

"लावलंस?"

"नाही."

"का?"

सुश्रुतने मान ताठ केली. "थहन करतोय. तपथ्चर्या म्हणून."

अक्कांनी डबी उघडली, वास घेतला आणि त्याच्या हातात परत दिली.

"बाईंनी मेण दिलंय, बाबा. तप कुणी सांगितलेलं नाही."

त्याने मेण लावलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच गाल शांत झाला. आणि गाल शांत होताच खरी भीती वर आली.

"अक्का, चतुर्थीला तुम्हीच उभ्या राहा."

"गुडघे तू देणार?"

"मग थोहळा पुढे ढकला. डॉक्टरीणबाईंनी निघताना थांगितलं होतं. त्या गावाला गेल्यात. चतुर्थीनंतरच येणार."

"गणपतीचा जन्म पुढे ढकलू? तुझ्या दातासाठी?"

"मला थुट्टी द्या, अक्का. लोक हथतील."

गोदाक्का विहिरीच्या पाण्याकडे बघत राहिल्या.

"त्याचाही दात मोडला होता," त्या म्हणाल्या. "त्याने बसून अख्खा ग्रंथ लिहून काढला. सुट्टी मागितल्याचं ऐकिवात नाही."

...

त्या संध्याकाळी सभामंडपात तबल्यावर बाळा गुरव बसला. अक्कांनी सुश्रुतला समोर उभं केलं.

"नाव सांग."

"अक्का, माझं नाव तुम्हाला ठाऊक आहे."

"सांग."

सुश्रुतने श्वास घेतला. "थुथ्रुत थहथ्रबुद्धे."

बाळा गुरवाने तोंड तबल्याआड नेलं. तबला हलायला लागला.

अक्का हसल्या नाहीत. "सहस्रबुद्धे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडात बारा वर्षांपासून एकही दात नव्हता. कवळी मानवली नाही म्हणून ती कपाटात होती. तरी त्यांचा स मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला.

"कथं काय म्हणता तुम्ही?" सुश्रुत चकित झाला.

"थांबून म्हणते. स आला की दाराशी उभी राहते. तो आधी जातो, मग मी."

पुढचे सहा दिवस सुश्रुत दाराशी उभा राहिला. जेवण झालं की विहिरीवर पाव तास दात, मग मंडपात एक तास अक्षरं. ज्या स्तोत्राला पूर्वी दोन मिनिटं लागायची त्याला आता अकरा लागत. त्यात काय काय म्हटलंय, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच ऐकू येत होतं. पाचव्या दिवशी श आला. ष आला. स मात्र काही केल्या येईना.

आणि चतुर्थी आली.

मंडपात दोनशे माणूस. सुश्रुत उपरणं, फेटा घालून उभा राहिला. नमन नीट झालं. गळा तर उत्तमच होता. मग श्रोत्यांकडे वळून तो म्हणाला,

"थज्जन हो!"

हसू पुढच्या रांगेतून निघालं आणि मागच्या चपलांपर्यंत गेलं. बाळा गुरवाचा हात तबल्यावर थांबला. सुश्रुतची कानशिलं तापली. त्याने अक्कांकडे पाहिलं. अक्का खांबाला टेकून बसल्या होत्या आणि पदराला चिकटलेलं कुसळ काढत होत्या. अगदी मन लावून.

तिकडून काही मिळणार नव्हतं...

सुश्रुतने बोटांनी वरचा ओठ उचलला आणि दात सगळ्यांना दाखवले.

"ही बघा," तो सावकाश म्हणाला. "दाताला तार. एक अक्षर आत अडकलंय. माझ्या नावात ते तीनदा येतं, म्हणून नावही टाळतोय. मी जिथे थांबेन, तिथे ते तुम्ही द्या."

मग त्याने हात पसरले.

"सज्जन हो!" अख्खा मंडप ओरडला.

तिथून कीर्तन चाललं ते असंच. तो कथा ओढत आणायचा, उंबऱ्यावर थांबायचा, आणि दोनशे माणूस ती आत घ्यायचं. कधी शब्द जुळायचा, कधी भलताच यायचा. "राजा रागावला आणि त्याने बोलावलं..." म्हणून तो थांबला, तर निम्म्यांनी "सेनापती!" म्हटलं आणि निम्म्यांनी "सासू!" राजाच्या सासूवर मंडप पाच मिनिटं हसला. सुश्रुतही हसला, तारेसकट.

शेवटी कथा टोकाला आली. देव भक्तासमोर उभा राहिला.

"देव म्हणाला, माग. काय हवं ते माग. आणि तो म्हणाला, देवा, मला फक्त..."

सुश्रुत थांबला.

"सुख!" कुणीतरी म्हणालं.

"सोनं!"

"सून द्या म्हणावं, सून!" हे मागून. पुन्हा हशा.

हसू ओसरत आलं होतं तेव्हा भिंतीशी बसलेल्या एक आजी, मुलगे मुंबईला असलेल्या, आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या,

"सोबत."

माना भिंतीकडे वळल्या.

सुश्रुतच्या वहीत तिथे 'सायुज्य' लिहिलेलं होतं. सहा दिवस घोकलेलं. त्याने त्या आजींकडे पाहिलं, हात जोडले आणि वही मिटली.

बाळा गुरवाने उपरण्याने डोळे पुसले, मग तबल्यावर हात ठेवला.

...

पुढच्या शनिवारी सुश्रुत मठात आला तो जवळजवळ धावत. मुकादम डॉक्टरीणबाई परतल्या होत्या, चौकोन पुन्हा चिकटला होता. जीभही तारेला रुळली होती. बसमध्ये त्याने कंडक्टरला स्वतःचं पूर्ण नाव सांगून पाहिलं होतं. कंडक्टरने विचारलं नसतानाही.

गोदाक्का ओसरीवर बसल्या होत्या. त्याने पाया पडून बैठक मारली.

"अक्का, चार गावांची आमंत्रणं आलीत. सगळे म्हणतात, असंच कीर्तन पाहिजे, थांबत थांबत."

"अस्सं."

"पण ते जाऊ द्या. खरं सांगू? माझा अहंकार गेला."

"कधी?"

"चतुर्थीला. मंडपात. तार दाखवली तेव्हा."

"जाताना कुणी पाहिला?"

"सगळ्यांनी! मोबाइलवरसुद्धा आहे. चार हजार लोकांनी बघितलाय, अक्का. एकाने खाली लिहिलंय, 'इतका नम्र कीर्तनकार...'"

सुश्रुत बोलता बोलता अडला. या वेळी स आलेला नव्हता, तरी अडला.

अंगणात कोंबडी कसलातरी दाणा शोधत होती. दोघं तिच्याकडे बघत बसले.

मग विषय बदलावा म्हणून सुश्रुत म्हणाला, "डॉक्टरीणबाईंनी आज एक नवीनच सांगितलं. दोन वर्षांनी तार निघाली तरी सुटका नाही म्हणे. रोज झोपताना दातांवर एक साचा चढवायचा. चढवला नाही की दात निघाले गुपचूप आपल्या जुन्या जागेकडे."

"हं."

"सरळ झालेले दात, अक्का! मी विचारलं, किती दिवस लावायचा? तर म्हणाल्या, जन्मभर. हे काय बोलणं झालं? एकदा सरळ झालं म्हणजे झालं ना?"

गोदाक्कांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या. मोकळ्या, गुलाबी हिरड्यांनी.

"खरंय बाईंचं," त्या म्हणाल्या. "मी अजून लावते."