ते मोठे गिऱ्हाईक

एकदा एका तालुक्याच्या गावी इस्पितळांची यंत्रे दुरुस्त करणारे एक वृद्ध मास्तर राहत होते. त्यांच्याकडे शिकणारी शिष्या आठवडाभर तारांना डाग देऊन, म्हणजे सोल्डरिंग करून, दमायची आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने पुन्हा तेच करायची. कुंड्यांना पाणी घालणारे यंत्र, रांगोळी काढणारी गाडी, असले तिचे उद्योग. अशा हौशी मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यावर कुणीतरी लिहिले की, अमुक चिप लवकरच मिळेनाशी होणार. शिष्या घाबरली. तिने चार दुकानांत दहा-दहा नग सांगून ठेवले, तेही चार निरनिराळ्या नावांनी. गरज तिला एकाचीही नव्हती.

पुढच्याच आठवड्यात इस्पितळातली अपुऱ्या दिवसांच्या बाळांची काचपेटी बंद पडली. आतल्या दीड किलोच्या बाळाला आईच्या छातीशी गुंडाळून ठेवावे लागले. पेटीची ऊब राखणारी चिप जळाली होती आणि ती नेमकी तीच होती.

शिष्येने त्या चारांतल्या एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, माल कुठाय? कुणी मोठं गिऱ्हाईक शिरलंय बाजारात. मी घाबरून घाऊकवाल्याकडे शंभर सांगितले, तर त्याने गोदामालाच कुलूप घातलं. भाव चढेपर्यंत काढणार नाही म्हणतो.”

चारही दुकानांत हेच ऐकून ती मास्तरांकडे वळली. “मास्तर, आणखी वीस सांगून ठेवू? कुठून तरी एक येईल.”

मास्तरांनी विचारले, “आधी किती सांगितलेस?”

तिने खाली मान घालून आकडा सांगितला.

“सगळे रद्द कर. आणि ग्रुपवर खरं काय ते लिही.”

“हातचे जातील हो. तिकडे बाळ...”

“हातात आहे काय तुझ्या?”

तिने चारही मागण्या रद्द केल्या. मग लिहिले, ‘मी घाबरून चाळीस सांगितले होते. एकही लागत नव्हता. आता बाळाच्या काचपेटीसाठी एक हवा आहे.’ मग कुणी लिहिले, ‘माझे साठ होते. रद्द केले.’ पाठोपाठ दुसऱ्याने, तिसऱ्याने. प्रत्यक्ष चिप मात्र कुणाकडेच नव्हती.

मास्तर म्हणाले, “मोठं गिऱ्हाईक नव्हतंच, पोरी. तुझ्यासारखी भ्यालेली पन्नास माणसं होती. तुमचं भय पाहून दुकानदार भ्याला आणि त्याचं पाहून घाऊकवाला शेफारला. जिला तू टाळायला गेलीस, ती टंचाई तुम्हीच मिळून घडवलीत.”

शिष्या घड्याळाकडे पाहत बसली. तिला एवढी भीती कधी वाटली नव्हती, आणि या वेळी ती स्वतःचीच वाटत होती.

चारच्या सुमारास दुकानदाराचा फोन आला. “ताई, ते गिऱ्हाईक पळालं वाटतं. माल अंगावर पडेल म्हणून घाऊकवाल्याने कुलूप काढलंय. किती पाठवू?”

तिच्या ओठांवर ‘दहा’ आलेच होते. पुन्हा नाही मिळाले तर?

“एक,” ती म्हणाली. “बाकीचे ज्याला लागतील त्याला द्या.”