अण्णांच्या खोलीसाठी मशीन

"...म्हणजे सर, ग्राफिक्स कार्ड आणखी मोठं टाकू, की आधी प्रोसेसर बदलू?"

चौगुले सर आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसले होते. ते एका जुन्या रेडिओच्या तारेला कथलाचा डाग देत होते. तो थंड होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा होता सुकुमार मगदूम. वीस वर्षांपूर्वी आयटीआयमध्ये सरांच्या हाताखाली शिकलेला. आता जयसिंगपुरात त्याचं कॉम्प्युटरचं मोठं दुकान होतं. गेम खेळणारी पोरं लांबून येऊन त्याच्याकडून मशीन बांधून घेत. आपल्यापेक्षा चांगलं मशीन या भागात कुणी बांधत नाही, असं तो सगळ्यांना सांगे. ते खोटंही नव्हतं.

पण हे मशीन गिऱ्हाइकाचं नव्हतं. वडिलांसाठी होतं.

भूपालअण्णांनी तीस वर्षं आसपासच्या गावांतली लग्नं, पंचकल्याणक पूजा, शाळांची गॅदरिंगं असं सगळं कॅमेऱ्यात धरलं होतं. या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते खाटेला खिळले. सुकुमारने माळ्यावरच्या दोनशे कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. अण्णांच्या खोलीत मोठा टीव्ही लावला. टीव्हीशेजारी स्वतःच्या हाताने बांधलेलं मशीन ठेवलं. एक बाजू काचेची, आत निळे दिवे. दुकानातला सगळ्यात भारी माल त्यात घातलेला.

पहिले आठ दिवस अण्णा बघत होते. मग ते अधूनमधून भिंतीकडे तोंड करू लागले. मध्येच मशीनकडे हात करून नको नको अशी खूण करत. सुकुमारने त्याचा अर्थ लावला, चित्र अजून स्वच्छ पाहिजे.

सर म्हणाले, "अण्णा काय म्हणतात?"

"ते कुठे बोलतात, सर... आवाजच गेलाय. नुसते ओठ हलतात. दिवसभर णमोकार मंत्राचा जप चाललेला असतो."

"तू ऐकलास?"

"ओठांवरून कळतं की."

सर उठले. दुकानाची चावी त्यांनी खिशात टाकली आणि सुकुमारच्या गाडीवर मागे जाऊन बसले.

खोलीत दुपारचं ऊन आलं होतं. अण्णा उशीला टेकून पडले होते. टीव्हीवर कुणाच्या तरी लग्नाची पंगत बसली होती. शेजारच्या घरात पाण्याची मोटर चालू असावी, तसा एक आवाज खोलीभर भरून राहिला होता. सुकुमारला तो ऐकू येत नव्हता. त्याचा जन्मच असल्या आवाजात चालला होता.

सर खाटेजवळच्या स्टुलावर बसले. सुकुमार मशीनमधला एकेक भाग सांगू लागला. सरांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की या कॅसेटीतलं चित्र मुळात किती मोठं?

सुकुमार हसला. जुन्या कॅसेटीत काय असणार, म्हणाला. आजच्या साध्या फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट येतं.

"आणि आत्ता हे मशीन किती दमलंय?"

सुकुमारने पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उघडून दाखवला.

"तीन टक्के, सर. याला घाम फुटणार नाही."

"मग ओरडतंय कशाला?"

सुकुमार म्हणाला, पंखे आहेत सर, चार. एवढ्या ताकदीच्या मशीनला लागतातच. गाडी मोठी असली की इंजिनचा आवाज असणारच.

सर उठले. त्यांनी मशीनची काच सरकवून बाजूला ठेवली. आत हात घातला आणि पहिल्या पंख्याची वायर उपटली.

सुकुमार पुढे धावला. मशीन चालू आहे, तापेल, जळेल, असं तो सांगत राहिला.

"तापू दे."

दुसरी वायर... तिसरी... चौथी.

पंखे फिरत फिरत थांबले. पडद्यावरची पंगत तशीच चालू होती. खोली मात्र एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

आणि मग तो आवाज ऐकू आला. कागदावरून बोट फिरवावं, तेवढाच.

"...निळ्या लुगड्यातली शांताक्का. हिच्याच घरात मी बॅटरी चार्जिंगला लावायचो... तो बुंदी वाढतोय तो रायगोंडा. पुढच्या वर्षी गेला बिचारा. त्याच्या घरच्यांकडे त्याचा एक फोटोसुद्धा नाही..."

सुकुमार जागच्या जागी उभा राहिला.

अण्णा बोलत होते. पडद्यावरच्या एकेका माणसाकडे बोट करून त्याचं नाव, गाव, नातं सांगत होते. गेले तीन आठवडे सांगत होते. घरातलं माणूस खोलीत यायचं, त्यांच्या हलत्या ओठांकडे बघून हात जोडायचं आणि निघून जायचं.

सुकुमार खाटेच्या कडेला बसला. कान अण्णांच्या तोंडाशी नेला. अण्णांनी पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं.

"ऐकू येतंय?"

सुकुमारने मान हलवली.

"मग लिहून घे," अण्णा म्हणाले. "परत कोण सांगणार?"

त्याने आपल्या पोराच्या वहीतलं एक पान फाडून घेतलं. पंगत संपेपर्यंत दोन्ही बाजू भरल्या. अर्ध्या तासाने सरांनी मशीनच्या आत बोट लावून बघितलं. कोमट होतं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर सुकुमारच्या दुकानात आले. सुकुमारने एक छोटं मशीन काढून ठेवलं होतं. यात एकच पंखा आहे, तोही बारीक, कळतसुद्धा नाही, म्हणाला. सरांनी ते चालू केलं आणि टीव्हीपासून अण्णांची खाट जितकी लांब, तितक्या अंतरावर सुकुमारला उभं केलं.

"येत नाही आवाज, सर."

"इथे रस्ता वाजतोय, म्हणून."

सुकुमारने थोडा विचार केला आणि ते मशीन स्वतःच उचलून बाजूला ठेवलं.

मग तो आत गेला आणि तळाच्या कप्प्यातून एक चपटा डबा घेऊन आला. दीड वीत लांब. आत एकही पंखा नाही, गरगर फिरणारी डिस्क नाही. वरचं ॲल्युमिनियम खाचाखाचांचं, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. व्हिडिओ उलगडण्याचं काम चिपमधला एक छोटा भाग परस्पर करतो, बाकीची चिप पडून असते. हे सगळं सुकुमारनेच सरांना सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज उतरत गेला. असले डबे तो किराणा दुकानदारांना बिलं करायला देत असे. मगदूमच्या घरात हा डबा बघितला, तर लोक काय म्हणतील, असं तो बोलून गेला.

सरांनी विचारलं, की अण्णांच्या खोलीत लोक मशीन बघायला येतात का?

सुकुमारने डबा पिशवीत घातला.

तासाभरात डबा अण्णांच्या टीव्हीच्या पाठीला चार स्क्रूंनी बसला. टेबल रिकामं झालं, तिथे सुकुमारने वही आणि पेन ठेवलं. डब्यावर एक पांढरा दिवा लुकलुकत होता, त्याचा उजेड भिंतीवर पडत होता. सरांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढली आणि तो झाकून टाकला.

शाळेचं गॅदरिंग लागलं. अण्णांनी मान उचलली, पहिल्या रांगेतल्या एका मुलीकडे बोट केलं आणि सांगायला सुरुवात केली. सुकुमार लिहू लागला. दोन पानं झाली, तीन झाली... मग सवयीने त्याचं लक्ष टीव्हीच्या मागे गेलं. तिथे काहीच दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं.

सर दारापर्यंत गेले होते.

"सर... आवाज नाही, दिवा नाही. मशीन नीट चाललंय की नाही, हे मला कळायचं कसं?"

सर उंबऱ्यात थांबले.

"अण्णांचा आवाज ऐकू येतोय, तोवर नीट चाललंय."