शाळेनं राजाला काय शिकवलं?

"शाळेला छप्पर? आणि ते मी द्यायचं? का म्हणून?"

निमखेडचे रणधीरराजे भरसभेत असे गरजले, की म्हाताऱ्या पंतोजींच्या हातातला हार हातातच लोंबकळत राहिला.

वादळात शाळेचं छप्पर उडून पार नदीपलीकडे गेलं होतं. वर गोणपाट बांधून पंतोजींनी जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरवला. म्हटलं, शिकून मोठी झालेली पोरं आहेत, सढळ हातानं देतील. दिलं की! वखारवाल्या झुंबरशेठनी शाळेला स्वतःची तसबीर दिली. पाटणकर वकिलांनी आशीर्वाद दिले. इनामदारांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, किल्ली तेवढी घरी ठेवली.

उरले राजे. थोरल्या महाराजांनी हट्टानं त्यांना याच शाळेत घातलं होतं. सात वर्षं बसले. त्यातली तीन एकाच इयत्तेत!

"या शाळेनं मला शिकवलं काय?" राजे मिशीवर ताव देत म्हणाले. "पंतोजी, विचारा पाढा!"

"साती साती?"

"विसरलो!"

"एखादी आर्या? एखादा श्लोक?"

"सगळं साफ विसरलो!" राजे असे फुगले, जणू गडच जिंकला. "शाळेनं शिकवलेली एक, फक्त एक गोष्ट माझ्या अंगात शिल्लक असेल, तर दाखवा. छप्पर घालून देतो. सूर्य माथ्यावर येईस्तोवर नाही दाखवलीत, तर उद्यापासून इथं माझी शिकारी कुत्री बांधीन!"

"वा! वा!" झुंबरशेठनी टाळी वाजवली. कुत्र्यांसाठी वर्गणी मागत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

दाराशी गोजरा उभी होती. शाळेत पाणी भरायची. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण तिची साळू याच शाळेत गेल्या महिन्यात पाटीवर आईचं नाव लिहायला शिकली होती. त्या जागी आता कुत्री? गोजराच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं राजांकडं नीट पाहिलं. घामाघूम झालेले, चैत्राच्या उन्हानं लालबुंद.

पदर खोचून ती पुढं झाली. "महाराज, दाखवते मी!"

"तू?" राजांचे दिवाणजी फिसकन हसले. "पाणी भरणारी बाई विद्या दाखवणार!"

"विद्या महाराजांची हाय, दिवाणजी. मी नुसती वर काढणार. विहिरीतनं बादली काढतात तशी. पण आधी घसा ओला करा सरकार, लई ऊन हाय!"

तिनं कोकमाचं सरबत आणलं. राजांनी दोन तांबे रिचवले. मग ताक आलं. मग उसाचा रस, आलं-लिंबू पिळून.

"पुरे गं!"

"आता एवढ्यात पुरे? थोरले महाराज घागर संपवायचे म्हणं!"

झालं! बापापेक्षा कमी पडतील तर ते राजे कसले! घागर संपली.

"आता जुन्या पोरांनी पुन्हा वर्गात बसायचं," गोजरा म्हणाली. "मेळाव्याची हौस असते ती. पंतोजी, सुरू करा!"

शेठ, वकील, इनामदार, सगळे मांडी घालून बसले. राजेही हसत मागच्या ओळीत बसले. पंतोजींना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण छडी हातात येताच पाठ ताठ झाली. "बे एके बे!" सगळे ओरडू लागले. पाचाचा पाढा झाला, सहाचा झाला. नवापाशी राजांनी मांडी बदलली. अकरापाशी पुन्हा बदलली. बारापाशी त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि तो उन्हाचा नव्हता. गोजरा भिंतीला टेकून बघत होती. तिनं कोपऱ्यातल्या रांजणातून तांब्यानं पाणी घेतलं आणि बारीक धारेनं पुन्हा रांजणात सोडलं. चुळूऽऽक!

राजे ताडकन उभे राहिले. आणि त्यांची करंगळी, हिऱ्याच्या अंगठीसकट, आपोआप वर गेली!

"कोण रे तो मागचा?" पंतोजी खेकसले. "पाढा सुरू झाला की तुला लागतेच! बस खाली, गाढवा!"

आणि निमखेडचे अधिपती मुकाट्यानं खाली बसले!

सभेला घाम फुटला. दिवाणजींनी डोळेच मिटून घेतले. गोजरा पुढं येऊन म्हणाली, "महाराज, एकीला जायचं असलं की अख्ख्या संस्थानात तुम्ही कुणाला इचारता? आईसाहेबांना?"

"न... नाही."

"मग करंगळी कुठं शिकलात? आणि 'बस' म्हटलं की बसायचं, ते कुणी शिकवलं? दिवाणजींनी? ते तर तुम्ही शिंकलात तरी वा वा म्हणतात! पाढे उडाले, श्लोक उडाले, पण राज्यात निदान एका माणसाला इचारून उठायचं असतं, एवढं या शाळेनं तुमच्या हाडात घातलंय बगा!"

राजांनी आधी आपल्या करंगळीकडं पाहिलं. मग असे हसले, असे हसले, की दोन्ही गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवून हसावं लागलं. "अगं, हसवू नकोस! हरलो! छप्पर दिलं!"

"कौलारू?"

"कौलारू!"

"आणि शाळेच्या अंगणात विहीर?"

"दिली! विहीर दिली! अगं, जाऊ दे की आता!"

"मला काय इचारता? पंतोजींना इचारा!"

करंगळी पुन्हा वर गेली. पंतोजींनी मान हलवली. आणि संस्थानच्या इतिहासात कुठलाही राजा पळाला नसेल, इतक्या वेगानं रणधीरराजे पळाले.

परत आले ते चेहऱ्यावर केवढं समाधान घेऊन! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी गोजराच्या हातात घातलं आणि म्हणाले, "बाई, माझं तू काढलंस वर. आता या शेठ-वकिलांच्या अंगात शाळेचं काय उरलंय, तेही बघ की!"

"बघते की, सरकार!" म्हणत गोजरानं ताकाची दुसरी घागर उचलली.

पण ओतायची वेळच आली नाही. घागर दिसताच तिन्ही दानशूरांचे हात एकदम कनवटीला गेले!