खालच्या डोहावरून आलेली हाक

खूप खूप जुनी गोष्ट. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं, आणि त्या राज्याच्या अगदी टोकाला, थंडगार नदीच्या काठी, एक गाव होतं.

त्या नदीत अंगावर ठिपके असलेला तपकिरी मासा राहायचा. मोठा हुशार. दिवसा कपारीत दडून बसायचा आणि रात्री पाण्यावर उतरणारे पतंग खायला वर यायचा. म्हणून गावकरी त्याला अंधारातच पकडत. गळाला कोंबड्याची पिसं बांधून खोटा पतंग करायचा आणि लांब काठीने तो पाण्यावर अलगद उतरवायचा. दिवा मात्र न्यायचा नाही. उजेड दिसला की मासा गेलाच.

नदी खोल, खडक निसरडे. म्हणून गावाचा एक नियम होता. रात्री दोघांनी मिळून जायचं. एकाने वरच्या डोहावर उभं राहायचं, दुसऱ्याने खालच्या. अधूनमधून एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची. ओ आली नाही, तर काठी टाकून त्याला शोधायला निघायचं.

या गावात एक तरुण घरजावई म्हणून आला होता. मूळचा कोरड्या माळावरचा, स्वभावाने लाजरा. लग्नाला दोन वर्षं होत आली, तरी त्याच्या गळाला एकही मासा लागला नव्हता. आणि उद्या त्याच्या मुलीचं बारसं होतं. बारशाच्या जेवणात बापाने स्वतः पकडलेला मासा वाढायचा, अशी तिथली रीत.

"जावईबापू, मासा नाही मिळाला तर भोपळा चिरा हो!" पाणवठ्यावरच्या बाया संध्याकाळीच त्याला हसल्या होत्या.

रात्री तो सासऱ्यांबरोबर नदीकडे निघाला.

"मामा, आज नाही मिळाला तर?"

"तर भोपळा खाऊ. मला दात तरी कुठे उरलेत?" सासरे म्हणाले. "माझं सगळं लक्ष उद्या नातीला पहिली हाक मारण्याकडे लागलंय." पाळण्यात घातलेल्या बाळाला नव्या नावाने पहिली हाक आजोबांनी मारायची, हीसुद्धा तिथली रीतच. "तुम्ही फक्त ओ देत राहा."

"पण आवाजाने मासा बुजेल ना?"

"मासा पायांच्या आवाजाला बुजतो, तोंडाच्या नाही. तसं असतं तर तुमच्या सासूबाईंनी ही नदी केव्हाच रिकामी केली असती!"

जावई हसला. पण त्याला ते पटलं नाही.

जावई उभा होता त्या वरच्या डोहावर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार होता. खालच्या डोहावरून सासऱ्यांची हाक यायची, "जावईबापू होऽऽ!" तो ओ द्यायचा आणि मनात चरफडायचा. गेला असेल मासा. आता गेला असेल.

एवढ्यात समोरच पाणी डुबकन हललं. थोड्या वेळाने पुन्हा हललं. मासा वर येत होता! जावयाने श्वास रोखून पतंग पाण्यावर सोडला.

"जावईबापू होऽऽ!"

त्याने ओठ घट्ट मिटले. एवढा एकदा मासा लागू दे, मग देतो ओ.

हाका येत राहिल्या. दर वेळी आणखी वरच्या पट्टीत. जावई गप्प राहिला. त्याने काठीही हलू दिली नाही.

मग अगदी जवळून, खडकांमधून, फाटलेला आवाज आला. "पोरा! अरे पोरा, आहेस ना रे?"

सासऱ्यांनी त्याला आजवर कधी अरेतुरे केलं नव्हतं. तरी तो बोलला नाही.

हाका थांबल्या. बरं झालं, मामा कंटाळले, असं त्याने स्वतःला सांगितलं.

आणि गळाला हिसका बसला! काठी वाकली, दोरी ताणली गेली. बऱ्याच झटापटीनंतर हाताएवढा मासा टोपलीत आला.

"मामाऽऽ! मिळाला! मामा, मिळाला!"

नदी वाहत होती. बाकी काही नाही.

"मामाऽऽ!"

त्याने कान टवकारले. पुन्हा हाक मारली, पुन्हा ऐकत राहिला. आता आपल्या हाकेला ओ न मिळणं म्हणजे काय, ते त्याला कळू लागलं. शेवटची हाक खडकांमधून आली होती. काठीने खडक चाचपत तो पाण्यात उतरला. कमरेच्या टोपलीत पाणी भरलं आणि ती त्याला ओढू लागली. त्याने टोपलीचा बंद तोडून टाकला. मासा टोपलीसकट वाहून गेला.

तेवढ्यात त्याला ऐकू आलं. ठक, ठक. दगडावर दगड.

त्याला शोधत येताना पाय घसरून सासरे दोन खडकांच्या मध्ये छातीभर पाण्यात अडकले होते. हाका मारून मारून घसा पार बसला होता, म्हणून ते हातातला दगड आपटत होते. जावयाने काठी पुढे केली आणि त्यांना ओढून काठावर आणलं. म्हाताऱ्याने आधी जावयाचाच चेहरा चाचपला. तो धड आहे ना, ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. बाळ पाळण्यात घातलं. आजोबा वाकले, त्यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांतून पाणी आलं, आवाज आला नाही.

"मी ओ दिली नाही," जावई सगळ्यांसमोर म्हणाला. "माशासाठी मी ओ दिली नाही."

त्या दिवशी ताटात भोपळ्याचीच भाजी होती, पण कुणी हसलं नाही.

म्हाताऱ्याने खिशातून रात्रीचा तो दगड काढला आणि पाळण्याच्या लाकडावर हलकेच वाजवला. ठक, ठक. बाळाने डोळे वळवले.

आजोबांचा आवाज पुन्हा कधी परतला नाही. पुढे रात्री नदीवर जावईच हाक मारायचा आणि खालून दगडाची ओ यायची. आपण मोठ्याने ओरडत असूनही मासे गळाला लागतात, हेही त्याला तिथेच कळलं. पण नातीला मात्र नावाने मारलेली आजोबांची हाक कधीच ऐकायला मिळाली नाही.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, आपल्या काळजीपोटी कुणी हाक मारली, तर हातातलं काम कितीही मोलाचं असो, आधी ओ द्यावी.