राजा दगड झाला तेव्हा कुणाचं साधलं

एका राज्यात राही नावाची कासारीण होती, आणि तिचं बोलणं कुणीच खरं मानलं नाही. "कुत्रं भुंकलं तर चोर आला का म्हणून उठता, आणि मी आई बोंबलते तर दारं लावून घेता!" असं ती भर चव्हाट्यावर ओरडली. माणसं खाली मान घालून निघून गेली.

झालं होतं असं. राजा भर दरबारात पाणी प्याला आणि सिंहासनावर बसल्या बसल्या दगड झाला. पेला दिला होता राहीच्या लेकीनं, हौसानं. पेला जिच्या हातचा, पाप तिचं, असा निवाडा राजगुरू सोमकेतूनं दिला आणि वर डोळे पुसून म्हणाला, "बिचारी पोर!" त्या राज्यात राजघातक्याला दरबारातल्या काळ्या पाटावर उभं करत. पाट त्याला तीन दिवसांत दगड करी. पहिल्या दिवशी गुडघे, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना जीव. हौसाला त्याच दिवशी पाटावर चढवलं.

राही रानात गेली. तिथं बोलणारा भारद्वाज होता.

"पाखरा, कुणी केलं ते सांग."

"ते मला ठाऊक नाही. राजा दगड झाल्यानं कुणाचं साधलं, ते शोध. त्याचं नाव राजाच्या कानात सांग, शाप उलटेल. चुकीचं नाव घेतलंस तर तूही दगड होशील."

"होईन. लेकीशेजारी उभी तरी राहीन."

पहिल्या दिवशी ती राणीकडे गेली. "बांगड्या भरायला आले, राणीसाहेब."

राणीनं हात मागं घेतला. "कसल्या भरतेस? नवरा मेला नाही, म्हणून फोडता येत नाहीत. जिवंत नाही, म्हणून नव्या भरवत नाहीत."

हिचं काही साधलं नव्हतं. हौसाचे गुडघे गेले.

दुसऱ्या दिवशी ती युवराजाकडे गेली. "बाप गेला, तुमचं बरं झालं!"

त्यानं तलवार उपसली. "गेला कुठं? बापाला अग्नी दिल्याशिवाय गादी नाही. दगड जळतो का, म्हातारे? मी जन्मभर उंबऱ्यातच उभा."

"म्हातारी असेल तुमची दाई," राही म्हणाली आणि उठली. याचंही नाही. हौसाची कंबर गेली.

मग राहीनं विचार केला. राजा मेला तर गादी पोराची. जगला तर राजाची. ना मेला ना जगला, तर हुकूम कुणाचा?

तिसऱ्या दिवशी ती राजगुरूकडे गेली. तो हुकुमांवर मुद्रा उठवत बसला होता.

"ये बाई. दुःख मोठं आहे तुझं."

राहीनं त्याच्या हाताकडं पाहिलं. तीस वर्षं तिनं हातांची मापं नजरेनं घेतली होती. राजाची बोटं केळ्यासारखी, याची काडीसारखी. मुद्रेची अंगठी मात्र त्याच्या बोटात अगदी मापात बसलेली.

"ही राजाची नव्हे, महाराज."

"त्याची त्याच्या बोटातच दगड झाली. परवा संध्याकाळी ही नवी घडवायला सांगितली. राज्याचा भार कुणीतरी वाहायला हवा ना!"

"अशी मुद्रा कोरायला सोनाराला पंधरवडा लागतो. राजा दगड होऊन आज तिसरा दिवस."

सोमकेतूचं हसू सुकलं. "कासारणीचं कोण ऐकतंय?"

"माणसं नाही ऐकत. दगड ऐकतो."

ती धावत सुटली. पहारेकऱ्यांनी दारात धरली, केस ओढले, तिच्या हातातल्या बांगड्या फुटून मनगट रक्ताळलं. ती फरपटत सिंहासनापर्यंत गेली. हौसा गळ्यापर्यंत दगड झाली होती, नुसते डोळे हलत होते. राहीनं राजाच्या थंड कानाला तोंड लावलं आणि नाव घेतलं.

दगडाला तडा गेला. राजानं श्वास घेतला. हौसा कोसळली, "आई" म्हणाली. तिचे तळवे मात्र मरेपर्यंत दगडासारखे गार राहिले. राणीनं हिरवा चुडा भरला. युवराज बापाच्या पायाशी बसला.

आणि काळ्या पाटावर, कुणी न ढकलता, एक माणूस आपल्या पायांनी येऊन उभा राहिला. तीन दिवस तो किंचाळत होता. चौथ्या दिवशी राजानं त्या पुतळ्याखाली, येणाऱ्याजाणाऱ्याला लांबूनही वाचता यावं अशा मोठ्या अक्षरांत, एकच नाव कोरून घेतलं: सोमकेतू.