ताटाभोवतीची नावे

एकदा एका माळरानावर विहिरीचे काम चालले होते. साठ फूट खोदून झाले, तरी पाणी म्हणून लागेना. कामावर दहा मजूर, एक ठेकेदार आणि दगडाची नस ओळखणारा एक वृद्ध पाथरवट. त्यांना सगळे आबा म्हणत. दहा मजुरांत एक आबांचा शिष्य होता. लिहिता-वाचता येणाऱ्या थोड्यांपैकी एक.

विहिरीवर यारी होती, दगड आणि माणसे बादलीतून वरखाली नेणारी. एके सकाळी शिष्याने तिच्या तारेच्या दोरावरून सहज हात फिरवला, तो बोटातून रक्तच आले. दोराच्या तारा तुटून बाभळीच्या काट्यांसारख्या उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी खाली उतरायची पाळी त्याचीच.

त्याने ठेकेदाराला दोर दाखवला. ठेकेदार हसला. "अजून दोन विहिरी जाईल. बायकोनं शिकवून पाठवलंय वाटतं?"

दुपारी बाभळीखाली शिष्याने कागदावर लिहिले, 'दोर बदलल्याशिवाय कोणीही खाली उतरणार नाही.' आता खाली नावे हवीत.

"तू शिकलेला, तू सही कर की आधी," गेनबा नावाचा मजूर म्हणाला.

"गेनबा, वयानं तू थोरला," शिष्य म्हणाला.

"माझ्या घरी चार तोंडं आहेत बाबा."

"मग माझ्या घरी काय मेंढरं आहेत?"

हशा पिकला आणि लगेच विरला. कागद सगळ्यांच्या हातांतून फिरून एकाही नावाविना परत आला. शेवटी शिष्याने मन घट्ट करून त्या ओळीखाली पहिल्या जागी पेन टेकवले. पण नाव न लिहिताच उचलले.

तेवढ्यात आबांनी आपले जेवणाचे ताट पुसले, त्या कागदावर पालथे घातले आणि कोळशाने त्याच्या कडेने गोल रेघ ओढली. "या रेघेभोवती नावं लिहा. ज्याला येत नाही त्यानं अंगठा उठवावा."

म्हाताऱ्याला ऊन लागले की काय, असे शिष्याला वाटले. पण नवल असे, की त्या गोलाभोवती माणसे वाकली आणि बघता बघता अकरा खुणा उमटल्या. अकरावी आबांची.

ठेकेदाराने कागद हाती घेतला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला. "यात पहिला कोण?"

सगळे त्या कागदाकडेच बघत राहिले.

"अरे, सुरुवात कुणी केली ते विचारतोय!" त्याची नजर एकेका चेहऱ्यावरून सरकत आली. शिष्य जागचा हलला नाही; शेजारी गेनबाचा खांदा त्याच्या खांद्याला लागून होता. त्या दिवशी बादली खाली गेली नाही. संध्याकाळी नवा दोर आला.

शिष्य आबांजवळ बसला. "आबा, हे ताटाचं काय? आणि मी एवढा भित्रा कसा?"

"भित्रा नसतास तर दोराकडे बघितलंच नसतंस," आबा म्हणाले. "तरुणपणी आम्हीही असाच कागद केला होता, पण सरळ, एकाखाली एक. सगळ्यांत वर माझ्या भावाचं नाव होतं."

"कामावरून काढलं त्यांना?"

"काढलं असतं तर वाचला असता. रोज त्यालाच खाली सोडू लागले. सुरुंग उडाला की खाली बघायला आधी तो. आम्ही खालच्या नावांचे लोक, वर उभं राहून बघत होतो. लेका, एकट्याकडून धाडस मागू नये. भय प्रत्येकालाच असतं. ते सगळ्यांनी मिळून उचलायचं असतं. त्यालाच शहाणी माणसं संघटना म्हणतात."

दुसऱ्या दिवशी शिष्य बादलीत उभा राहिला. भीती गेली नव्हती. तळाशी पोचल्यावर त्याने वर पाहिले. आभाळाचा लहानसा गोल दिसत होता आणि त्याच्या कडेने डोकी वाकली होती, सगळी त्याच्याकडेच बघत. त्यातले पहिले कोणते, हे त्यालाही सांगता आले नसते.